दुरून रूळ साजरे

ऑक्टोबरमधली संध्याकाळ होती. शेजारच्या भाभी दारात आल्या, पण आत बसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बाजी, रागावू नका. तुमचा धाकटा ट्यूशनहून परत येताना रुळाच्या कडेला, खडीवर उभा असतो. आज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी इतक्या जवळून गेली की माझंच काळीज थरथरलं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आमचा धाकटा बारा वर्षांचा, सातवीत. अबोल मुलगा. रोज अर्धा तास उशिरा येतो, तर मित्रांबरोबर रेंगाळत असेल असे मी समजत होते. तो आला तेव्हा मी आधी त्याला जवळ घेतले आणि मग खूप रागावले. त्याने दप्तरातून एक चौकोनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानोपानी पाच आकडी क्रमांक, तारीख, वेळ आणि गाडीचे नाव. "अम्मी, मी फक्त इंजिनांचे नंबर लिहितो. दुसरं काही करत नाही."

मुलांचे अब्बा चाकणच्या एका कारखान्यात आहेत. त्यांच्या तीन पाळ्या, आणि सुट्टी गुरुवारी. आमच्या पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी जुनीच आहे. मुलांची सुट्टी रविवारी. दुसरी पाळी असली की बाप घरी येतो तेव्हा मुलगा झोपलेला असतो, आणि मुलगा शाळेत जातो तेव्हा बाप झोपलेला असतो. अशी कितीतरी घरे आपल्या ओळखीत असतील.

त्या रात्री मी त्यांना सगळे सांगितले आणि म्हटले, "वही काढून घेते." ते वही चाळत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वही घेतलीस तर तो लपून जाईल. मी बार्शीला लहान होतो तेव्हा छोट्या लाइनची गाडी बघायला असाच पळत होतो. त्याची आवड बंद करायची नाही, उभं राहण्याची जागा बदलायची." मग त्यांनी सहकाऱ्याशी सुट्टीची अदलाबदल करून एक रविवार मागून घेतला. तेव्हापासून गाड्या पाहण्याच्या चांगल्या जागा शोधणे हे आमच्या घरातले काम झाले. चार-पाच रविवारी जे कळले, ते इतर घरांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

हा छंद नवा नाही

रेल्वे इंजिनांचे क्रमांक टिपण्याचा छंद इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचला तो १९४२ नंतर. इयान ॲलन नावाचा तरुण तेव्हा सदर्न रेल्वेच्या कचेरीत काम करत होता. लोक सतत इंजिनांची माहिती विचारत, म्हणून त्याने क्रमांकांची एक छोटी पुस्तिकाच छापली. मुले ती खिशात घालून स्टेशनांवर उभी राहू लागली आणि पाहिलेल्या क्रमांकाखाली रेघ ओढू लागली. याला ट्रेनस्पॉटिंग म्हणतात. आपल्याकडे या छंदाला वेगळे नाव नाही, पण आवड घरोघरी आहे. आमच्या बार्शीकडची जुन्या लोकांची पिढी अजूनही १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांवरच्या गाडीच्या आठवणी काढते.

या छंदाला पैसा फारसा लागत नाही. वही, पेन, पाण्याची बाटली आणि सबुरी एवढे पुरते. सुट्टीच्या दिवशी मुलाला मॉलमध्ये नेले तर हजार रुपये कधी मोडले ते कळत नाही. इथे दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटावर दोन तास बसता येते.

चांगली जागा कोणती?

मुलाचे मत असे होते की गाडी जितकी जवळून दिसेल तितकी जागा चांगली. अब्बांनी त्याला बसवून चार कसोट्या लिहून दिल्या. पहिली, तिथे उभे राहण्याचा आपल्याला हक्क आहे का? दुसरी, आपण आणि रूळ यांच्यामध्ये काही अंतर किंवा कठडा आहे का? तिसरी, सावली, पाणी आणि शौचालय आहे का? कारण अम्मी आणि आपाही सोबत येणार. चौथी, कोणी विचारले तर आपण इथे काय करतो हे न अडखळता सांगता येईल का?

पहिली कसोटी कायद्याची आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण आईला दंडाची भीती नसते. भरधाव गाडी ब्रेक लावल्यावरही कित्येकशे मीटर पुढे जाते. आणि आपल्या लाइनीवर दोन रूळमार्ग आहेत. मुलगा एका गाडीकडे पाहत असतो तेव्हा दुसरी मागून येते, आणि पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही. रुळांवर जाणारे कितीतरी जीव असेच जातात. ही एकच गोष्ट अब्बांनी त्याला तीनदा सांगितली आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतली.

पहिली जागा: आपल्याच गावचा फलाट

पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटरची लाइन आपल्या शहराच्या मधून जाते. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशने आपल्याला घरच्यासारखी. आम्ही पहिल्या रविवारी फजरनंतर निघालो आणि आकुर्डीच्या फलाटावर जाऊन बसलो. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते. ती आकुर्डीला थांबत नाही, त्यामुळे भरधाव जाताना दिसते. फलाटाच्या पिवळ्या पट्टीपासून चांगले मागे, बाकावर बसून पाहिली तरी अंगावर वारा येतो.

या लाइनीवर तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या आहेत. पुणे-लोणावळा लोकल, मुंबईला जाणाऱ्या सिंहगड, प्रगती आणि डेक्कन एक्स्प्रेस, कोल्हापूरची कोयना, बंगळुरूची उद्यान, भुवनेश्वरची कोणार्क. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही धावते. मध्येमध्ये मालगाड्या असतातच.

मुलाने त्या दिवशी आम्हाला इंजिनावरची अक्षरे वाचायला शिकवली. पहिले अक्षर डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पाच फूट सहा इंचांचा रूळ. दुसरे ए म्हणजे एसी विजेवर चालणारे, डी असेल तर डिझेल. तिसरे पी म्हणजे प्रवासी गाडीचे आणि जी म्हणजे मालगाडीचे. म्हणून डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाडीचे विजेचे इंजिन, आणि डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे. क्रमांक २२ ने सुरू झाला तर डब्ल्यूएपी-४ आणि ३१ ने सुरू झाला तर डब्ल्यूएजी-९, हे तो लांबूनच ओळखतो. इंजिनावर त्याच्या शेडचे नावही असते: कल्याण, अजनी, भुसावळ, काझीपेठ, लालागुडा. घरी येऊन त्याने ही सगळी गावे नकाशात शोधली. भूगोलाच्या पुस्तकासाठी मी त्याच्यामागे किती लागत होते!

गाडीचा शेवटचा डबाही पाहावा. त्यावर मोठी पिवळी फुली असते आणि मागे "एलव्ही" अशी पाटी, म्हणजे हा शेवटचा डबा. ती दिसली की गाडी पूर्ण गेली, वाटेत डबे सुटले नाहीत, हे रेल्वेच्या माणसांना कळते. आणि रुळाकडेला "सी/फा" लिहिलेली पिवळी पाटी दिसते, तिचा अर्थ सीटी आणि फाटक. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, अशी ती चालकाला सूचना.

कारखान्यातली गाडी रेल्वेत

त्या रविवारी नऊच्या सुमारास एक विचित्र गाडी आली. डबे प्रवासी गाडीसारखे, पण एकालाही खिडकी नाही. मुलगा ओरडला, "अब्बा, एनएमजी!" जुने झालेले प्रवासी डबे रेल्वे मोडीत काढत नाही. त्यांच्या खिडक्या बंद करते, टोकाला दारे बसवते आणि आतून नव्या मोटारगाड्या वाहून नेते. चिंचवडच्या मालधक्क्यावरून अशा गाड्या भरून जातात.

चाकणला रेल्वे नाही. एवढा मोठा औद्योगिक पट्टा, पण जवळचा रूळ तळेगावला, वीस-बावीस किलोमीटरवर. चाकणच्या कारखान्यांतून निघणारी गाडी आधी ट्रेलरवर चढते. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या रांगेत आपण ज्या ट्रेलरना नावे ठेवतो, ते हेच. त्यांतले काही परस्पर दूरच्या राज्यांत जातात, काही मालधक्क्यापर्यंत.

मुलाने विचारले, "अब्बा, यात तुम्ही बनवलेली गाडी असेल?"

ते जरा हसले. "मी गाडी नाही बनवत बेटा. मी दारं बसवतो. पण असेल एखादी. मग तिची दारं माझ्या हातची."

अकरा वर्षे ते दारे बसवत आहेत. त्या गाड्या पुढे कशा जातात हे त्यांनीही कधी थांबून पाहिले नव्हते. मुलगा वहीत लिहीत होता, मी पाहिले. क्रमांकासमोर त्याने लिहिले होते, "अब्बांच्या गाड्या".

कोणी विचारले तर?

चौथी कसोटी आमच्यासाठी महत्त्वाची होती, हे मोकळेपणाने सांगते. वही घेऊन स्टेशनवर क्रमांक लिहिणारा मुलगा कोणालाही जरा वेगळा दिसतो. आपल्या घरात तर काळजी आणखी थोडी जास्त वाटते. एका स्टेशनवर तसे झालेही. गणवेशातला एक माणूस जवळ आला आणि मुलाला कडक आवाजात म्हणाला, "काय लिहितोयस? दाखव." मुलगा पांढरा पडला. अब्बा उठले, सलाम-नमस्कार केला, सगळ्यांची तिकिटे दाखवली आणि वही त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "साहेब, मुलाला इंजिनांचा नाद आहे. तुम्ही सांगाल तिथे बसतो." त्यांनी दोन पाने उलटली, एक-दोन प्रश्न विचारले, "फलाटाच्या टोकाला जाऊ नका" म्हणाले आणि गेले.

घरी येताना मुलगा गप्प होता. "अब्बा, मी काही चूक केली का?" त्याने विचारले. "नाही," अब्बा म्हणाले, "त्यांचं काम विचारायचं, आपलं काम खरं सांगायचं. तिकीट खिशात होतं, मी सोबत होतो, म्हणून सांगता आलं. तू एकटा रुळाकडेला असतास तर काय सांगितलं असतंस?" मुलाने उत्तर दिले नाही. पण त्या दिवसानंतर तो खडीवर गेला नाही. माझ्या रागावण्याने जे झाले नसते ते या एका प्रश्नाने झाले.

तेव्हापासून आमचा नियम आहे. स्टेशनवर पोहोचल्यावर आधी स्टेशन मास्तरांच्या खोलीत जाऊन सांगायचे: मुलाला गाड्या पाहायच्या आहेत, कुठे बसू? बहुतेक ठिकाणी लोक आपुलकीने जागा दाखवतात. फोटो काढायचा तरी आधी विचारायचे. नाही म्हटले तर वही आहेच.

आणि काही ठिकाणी वही-मोबाइल दोन्ही पिशवीतच राहू द्यावे. देहूरोड, खडकी आणि दापोडी या भागांत लष्कराची हद्द, डेपो आणि संस्था लाइनीला लागून आहेत. तिथे उतरून रेंगाळू नये, फोटो तर मुळीच काढू नये. हा नियम प्रत्येक नागरिकाला सारखाच आहे, आणि तो पाळण्यात आपलीच शान आहे.

दुसरी जागा: मेट्रोची खिडकी

ज्यांची मुले अगदी लहान आहेत त्यांच्यासाठी मेट्रो उत्तम. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी हा पहिला तुकडा सुरू झाला, आता ती पुढे पुण्यात जाते. नाशिक फाटा, कासारवाडी, दापोडी या भागात मेट्रो उंचावरून धावते आणि बाजूला रेल्वेची लाइन दिसते. पाच वर्षांचे मूल काचेला नाक लावून निर्धास्त बसू शकते. उन्हाचा त्रास नाही, रुळाची भीती नाही. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर गाडी थांबवून मात्र पाहू नये. तिथे रुळापेक्षा मागून येणारे डंपर जास्त धोक्याचे.

तिसरी जागा: मळवली आणि भाज्याच्या पायऱ्या

दुसऱ्या रविवारी लोकलने मळवलीला गेलो. तळेगाव सोडले की लाइन मोकळ्या मावळात शिरते. वडगाव, कान्हे, कामशेत, मग मळवली. डाव्या-उजव्या बाजूला भातखाचरे, इंद्रायणीचे पाणी आणि लांबवर लोहगड-विसापूर. मळवली स्टेशन लहान आणि शांत आहे. फलाटावर बसून दोन्ही दिशांच्या गाड्या दुरून येताना दिसतात.

तिथून चालत भाज्याच्या लेण्यांकडे जाता येते. वाटेत पुलावरून एक्सप्रेसवे ओलांडावा लागतो. इथली बावीस लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, खडक कोरून केलेली. पायऱ्या चढताना वळून पाहिले की खाली एक्सप्रेसवे आणि त्यापलीकडे रेल्वेची लाइन. एखादी लांबच लांब मालगाडी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एका नजरेत मावते. फलाटावरून ती कधीच पूर्ण दिसत नाही. मुलगा तिथेच पायरीवर बसला आणि डबे मोजू लागला. तो म्हणाला, "अम्मी, इथून नंबर वाचता येत नाही, पण गाडी दिसते." आपल्याकडे म्हणतात दुरून डोंगर साजरे. मला वाटले, रूळही दुरूनच साजरे.

चौथी जागा: कर्जत आणि घाट

तिसऱ्या रविवारी मोठा बेत केला: घाट उतरून कर्जत, आणि परत. लोणावळा ते कर्जत हा बोर घाट. आमच्या मोठीला, म्हणजे धाकट्याच्या आपाला, गाड्यांत रस नव्हता. ती केवळ कर्जतच्या बटाटावड्यासाठी तयार झाली.

या घाटाची हकिकत मुलांना जरूर सांगावी. १८५८ साली पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली, आणि खालच्या बाजूला गाडी खोपोलीपर्यंत येत होती. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने चढावा लागे. घाटातली लाइन १८६३ मध्ये पूर्ण झाली. पंचवीस बोगदे, आणि दर ३७ फुटांमागे एक फूट इतका कडक चढ. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर इथे राबत होते, आणि कॉलऱ्याने त्यांतल्या अनेकांचे बळी घेतले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. बोगद्यात शिरताना आम्ही क्षणभर त्यांची आठवण केली.

या कामात एका स्त्रीचाही हात आहे. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस परत गेली नाही. तिने कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले आणि दोन अभियंत्यांच्या मदतीने काम तडीस नेले. हे ऐकून मोठीने कानातले हेडफोन काढले. मग अब्बांनी तिला साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्याविषयी सांगितले. त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन चालवली, म्हणजे याच घाटातून. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारतही नेली. मोठीने वही मागून घेतली आणि हे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले.

पुण्याहून मुंबईकडे जाताना उजव्या हाताची खिडकी घ्यावी. उल्हास नदीची दरी त्या बाजूला उघडते. परतताना अर्थातच डावी. पाहण्यासारखी खरी गोष्ट कर्जतला आहे. पुण्याकडे येणाऱ्या गाडीला इथे मागून दोन-तीन जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, आणि गाडी घाट चढते. इंजिन हळूहळू मागे येऊन शेवटच्या डब्याला टेकते, जोडणी होते, शिटीला शिटीचे उत्तर मिळते आणि गाडी हलते. हे सगळे फलाटावरून, सुरक्षित अंतरावरून पाहता येते. वंदे भारतला हे बँकर लागत नाहीत, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्यांखाली वाटलेली असते.

अब्बा म्हणाले, "बघ, पुढच्याचं नाव होतं, मागचे कोणाला दिसत नाहीत. पण त्यांच्याशिवाय गाडी वर येत नाही." मुलाने त्यांच्याकडे पाहिले आणि बँकरचे नंबरही लिहून घेतले.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली, त्या काळी घाटात नुकतीच वीज आली होती. त्याआधी गाडीला घाटात उलट दिशा घ्यावी लागे. आज तारेत २५ हजार व्होल्ट वीज असते. म्हणून पादचारी पुलावरून किंवा फलाटावरून सेल्फी स्टिक, छत्री, काठी वर करू नये. तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेले तरी वीज झेप घेते.

घाटातल्या बोगद्यांपाशी, मंकी हिलला किंवा ठाकूरवाडीला चालत जाऊन फोटो काढणारी मुले मोबाइलवर दिसतात. मुलांना ती दाखवून स्पष्ट सांगावे की तिथे कठडा नाही, पळायला जागा नाही आणि हक्कही नाही. घाट पाहायचा तो गाडीच्या खिडकीतूनच.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात घाट हिरवा असतो, पण दरडीमुळे गाड्या रखडतात. रविवारी लाइनीवर दुरुस्तीचा ब्लॉक असू शकतो आणि दुपारी लोणावळा लोकलमध्ये मोठे अंतर पडते, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहून घ्या. कर्जतला जाताना निवडलेली गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच विचारा. चिंचवडला थांबणाऱ्या सिंहगडसारख्या गाडीने सकाळी निघाले तर दिवस हाती राहतो.

डबा घरचा घ्या. आमच्याकडे कीमा-रोटी आणि लिंबाचे लोणचे असते. मुसल्ला छोट्या पिशवीत ठेवा. जोहरची नमाज आम्ही लोणावळ्याला उतरून मशिदीत अदा केली, एकदा फलाटाच्या कोपऱ्यात येण्या-जाण्याची वाट सोडून. शौचालयासाठी लोणावळा, कर्जत यांसारखी मोठी स्टेशनेच धरा. अडचण आली तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. आणि बाहेर पाऊस असेल तर पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे एका खोलीत अख्खे रेल्वेचे शहर चालते.

आता गुरुवारी

दर वेळी रविवार मागून मिळत नाही. म्हणून मुलांच्या अब्बांनी एक वाट काढली. गुरुवारी शाळा सुटल्यावर ते शाळेच्या दारात उभे असतात. दोघे आकुर्डीला जातात, दोन प्लॅटफॉर्म तिकिटे काढतात आणि तासभर बाकावर बसून मगरिबच्या आत घरी येतात. काय बोलतात मला माहीत नाही. पूर्वी बापाशी "हो-नाही" पलीकडे न बोलणारा मुलगा आता जेवताना सांगतो, आज अब्बांनी माझ्याआधी ३१ चा नंबर ओळखला.

वहीत आता दोन अक्षरे दिसतात. एक त्याचे बारीक, तिरके. दुसरे जाड, सावकाश काढलेले, दारे बसवणाऱ्या हाताचे.

परवा त्याच भाभी पुन्हा दारात आल्या. या वेळी बसल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाजी, आमचा छोटाही हट्ट धरून बसलाय. त्याला कुठे उभं करायचं ते जरा सांगा."

मी म्हटले, "उभं करू नका भाभी. बाकावर बसवा, आणि शेजारी तुम्ही बसा."